माझ्या बॅगेतलं ड्रोन

दि. ५ मार्च, सकाळी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही तिघंही धडधाकट पोचलो आणि तूही तसाच असशील असं गृहीत धरून पुढे लिहिते. कानातलं यंत्र डबीत नाही, कानात ठेवायचं असतं, एवढी आठवण या पत्राने केली तरी पुष्कळ झालं. फोन करता आला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे घरची खबर अख्ख्या हॉटेलला ओरडून सांगायची. त्यापेक्षा पत्र बरं. खाली काउंटरवर तिकिटं मिळतात आणि तिथली मुलगी ती स्वतः चिकटवूनही देते.

विमानात तुझ्या लेकाने, राजेने, खिडकीजवळची जागा मला दिली. विमान सुटताना मी डोळे गच्च मिटून घेतले आणि वर गेल्यावर उघडायचं विसरले. सूनबाईने कोपर मारून ढग दाखवले. ढग छान होते. पण खाली काहीच नाही हे डोक्यातून जाईना, म्हणून मी पुढच्याच्या टकलाकडे बघत बसले.

खोली लहान आहे, पण स्वच्छ. शेजारच्या खोलीत राजे आणि सूनबाई. मध्ये एक दार आहे, त्याची कडी त्यांच्या बाजूने. नळाला तोटी नाही, एक दांडी आहे. ती डावीकडे गेली की हात पोळतो, उजवीकडे गेली की बोटं बधिर होतात. मधलं काही त्या दांडीला ठाऊक नाही. खिडकीखाली टायरचं दुकान आहे. दुकानदार सकाळी सगळे टायर एकेक करून बाहेर लोळवत आणतो, रांगेत लावतो आणि मग त्यातल्याच एकावर बसून कॉफी पितो. शिस्तीचा माणूस दिसतो. मला आवडला.

राजेच्या कंपनीचं ऑफिस काल टॅक्सीतून बाहेरूनच बघितलं. काचेची इमारत आहे. जूनमध्ये त्याची इथे बदली व्हायची आहे, म्हणून तर ही सहल. आधी गाव बघून घेऊ, मग बिऱ्हाड हलवू, असं त्याचं म्हणणं. दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे म्हणतो. तोवर तू आणि मी त्याचं घर सांभाळू.

हां, एक सांगायचं राहिलंच. विमानतळावर जरा उशीर झाला. विशेष काही नाही. राजेचं ते उडतं यंत्र, ते ड्रोन, जे तो गच्चीवरून सोडतो आणि शेजारी धडाधड खिडक्या लावून घेतात, ते माझ्या बॅगेत होतं. इथे पर्यटकाने तसलं यंत्र आणायचं तर आधी परवानगी काढावी लागते. नाही काढली तर उतरल्याबरोबर आपण होऊन दाखवायचं आणि परत जाईपर्यंत त्यांच्याकडे ठेवायचं. मला हे नियम कुठले ठाऊक! भिंतीवर पाटी होती म्हणे. पाटी मी बघितली होती, पण चित्रातल्या त्या चार पात्यांवर लाल काट बघून मला वाटलं, या देशात पंखा आणायला बंदी आहे. मी तशीच पुढे गेले आणि त्यांनी मला बाजूला घेतलं. चार-दोन प्रश्न विचारले, ड्रोन ठेवून घेतलं, परत जाताना घेऊन जा म्हणाले. संपलं. राजे आणि सूनबाई बिचारे बाहेर ताटकळले. राजेने माझ्यासाठी फार धावपळ केली.

यात राजेची काही चूक नाही. त्याच्या बॅगेत जागा नव्हती म्हणून माझ्या बॅगेत ठेवलं, एवढंच. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू त्याला फोनवर झाडशील. झाडू नकोस.

तपासणीवाली बाई चांगली होती. तिने मला पाणी दिलं. मी मागितलं नव्हतं, पण दिलं.

आता मी बरी आहे. म्हणजे आधीही बरीच होते. गुडघा नेहमीसारखाच.

परत आल्यावर महिनाअखेरीला घरमालकाला किल्ली द्यायची आहे. माझी खोकी बांधून तयार आहेत, फक्त रोजची भांडी तेवढी राहिलीत असं मला वाटत होतं, पण निघायच्या गडबडीत तीही बांधून टाकली. तुझ्या शेजारची खोली मला, आणि शिलाई मशीन खिडकीशी, हे ठरलंय ना? नंतर कुरकूर नको. इतकी वर्षं एकटी राहिले; आता तुझं घोरणं ऐकायची तयारी केली आहे.

टायरवाल्याचं दुकान आता भरलं. खाली जाते.

तुझी,
ताई

ता. क. हे पत्र आलं म्हणून राजेला सांगू नकोस. तसं काही नाही. उगाच.



दि. २० मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. पाणी सकाळी वेळेवर आलं. घरमालकांच्या सूनबाईंनी कुंड्यांना पाणी घातलं होतं, एकही रोप गेलं नाही. दूधवाल्याला पुन्हा सुरू कर म्हणून सांगितलं. गुडघा विमानात बसून आखडला आहे, शेक देते आहे.

झालं. इकडचं तिकडचं लिहून झालं.

काल विमानतळावर तुला दारात उभं ठेवून मी टॅक्सीत जाऊन बसले. तू हाका मारत होतास, त्या मला ऐकू येत होत्या. माझे कान चांगले आहेत. पण सूनबाईने आधीच कळवल्यावरून तू चार लोकांत जे विचारलंस, "काय केलंस हे ताई? पोटच्या पोरासारख्या पोराला परक्या मुलखात अडकवून एकटी निघून आलीस?", त्याचं उत्तर मला तिथे देता येईना. त्या गर्दीत, तुझ्या कानात ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतंच. शिवाय तू आणखी एक वाक्य बोललास. त्याच्याकडे मी येते. आधी येऊ दे मला त्याच्यापर्यंत.

राजे आज संध्याकाळच्या विमानाने येतोय, असा आपल्या सूनबाईचा निरोप आला. म्हणजे तो सुखरूप आहे. त्याच्याकडून तू ऐकशीलच. माझ्याकडून त्याआधी ऐक, म्हणून घाईने लिहिते आहे. घरमालक तुझ्या बाजूलाच निघालेत, त्यांच्या हाती देते.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. तू म्हणशील, आयुष्यभर वसतिगृहात पोरींना खरं बोला म्हणून दटावणारी रेक्टरबाई खोटं लिहिते! लिहिलं. राजेने काही धावपळ केली नाही. तो जागचा हललाही नाही.

त्या दिवशी माझी बॅग पट्ट्यावरून आली ती एका बाईने उचलून घेतली. चाळिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, खिशाला पेन. ती बॅग उघडताना तिचे हात बघितले आणि मला हसूच आलं. वरचे कपडे विस्कटायचे नाहीत, कडेने हात घालायचा, मऊ गुंडाळी लागली की थांबायचं. मीही अशाच पोरींच्या ट्रंका तपासत आले. शाल उलगडली तर आत ते ड्रोन, पाय पोटाशी घेतलेलं; ते माझ्या बॅगेत आहे हे मलाही तेव्हाच कळलं. मी म्हटलं, कॅमेरा आहे, माझ्या भाच्याचा. ते तिला कळलं नाही की ऐकू गेलं नाही, कोण जाणे. तिने मला काचेच्या खोलीत नेलं.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि प्लॅस्टिकचं झाड. झाडावर धूळ. ती मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होती, मीही तसलंच, म्हणून आमचं छान जमलं. तिने नियम समजावून सांगितले. परवानगी आधी मागायला हवी होती. न मागता आणलं तर लाल काउंटरवर जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं, एक पावती देऊन त्यांनी ते कपाटात ठेवलं असतं. पण शालीत गुंडाळलेलं म्हणजे लपवलेलं. विमानतळाजवळ अशी यंत्रं उडवून कुणीतरी मध्यंतरी विमानं थांबवली होती, तेव्हापासून लपवलेलं यंत्र सापडलं की चौकशी होते आणि माणसाचं नाव नोंदलं जातं. तिने विचारलं, बॅग कुणी भरली?

मी म्हणाले, मीच.

का म्हणाले? सवय, दुसरं काय. वसतिगृहात माझा नियमच होता. गादीखाली इलेक्ट्रिक शेगडी सापडली तर गादी जिची तिने उत्तर द्यायचं, मैत्रिणीचं नाव घ्यायचं नाही. मैत्रिणीला लाज असेल तर ती आपण होऊन पुढे येईल. आणि बहुतेक वेळा यायची बरं का. रडत, अडखळत, पण यायची. काचेपलीकडे खुर्च्यांची रांग होती. तिथे राजे आणि सूनबाई बसलेले मला दिसत होते. मला वाटलं, आता उठेल. आता दार उघडून आत येईल आणि म्हणेल, आत्या, थांब, ते माझं आहे. मी थोडं लांबवलंही. पेन चालत नाही म्हणाले, चष्मा पुसला.

मग त्या बाईने विचारलं, तुमच्याबरोबर कोण आहे? मी बोट दाखवलं. म्हटलं, तो निळ्या जाकिटातला. माझा भाचा.

ती बाहेर गेली. काचेतून आवाज येत नाही, पण दिसतं सगळं. ती त्याच्यापाशी वाकून काहीतरी बोलली. राजेने माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत. मग मान हलवली आणि जरा हसला. दुकानात नको असलेली वस्तू आपण परत देतो ना, तसं सभ्यपणे. आणि मग विमानांच्या वेळांच्या फलकाकडे बघत बसला.

ती परत आली आणि म्हणाली, "ते म्हणतात, या बाईंना आम्ही ओळखत नाही. विमानात शेजारी बसल्या होत्या, एवढंच."

धाकट्या, मला क्षणभर खरंच वाटलं की हिने चुकीच्या माणसाला विचारलं. मी पुन्हा काचेतून बघितलं. निळं जाकीट तेच होतं. ते मीच घेऊन दिलंय. कानामागचा व्रण तोच, पोरींनी हातगाडीतून पळवताना पडला होता तेव्हाचा. वहिनी गेली तेव्हा तू या पोराला माझ्या क्वार्टरमध्ये आणून सोडलंस, तेव्हा त्याला नीट चालताही येत नव्हतं. साठ पोरींच्या कडेवर वाढला तो. त्यांनीच त्याला राजे केला. आणि आज हा म्हणतो, विमानात शेजारी बसल्या होत्या.

मला आठवतं ते एवढंच की मी म्हणाले, "हो का? माझी चूक झाली. चेहरा ओळखीचा वाटला."

तेव्हा तिने मला पाणी दिलं.

ती काही खुळी नव्हती. तिला सगळं कळलं असणार. तिने ते यंत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, तुमचं आहे ना, मग उघडून दाखवा. मी त्याचा एक पाय धरून ओढला. तो उलटा ओढला आणि कट्कन मोडला. तिने कपाळाला हात लावला. माझ्यावर हसायची वेळ होती, पण ती हसली नाही, मीही नाही. माझ्या नावाने नोंद झाली, दंड झाला, ड्रोन पिशवीत घालून वर माझ्या नावाची चिठ्ठी लावली. परत जाताना तुम्हीच येऊन न्यायचं, दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, असं तिने मला बजावून सांगितलं.

बाहेर आले तर दोघं दिसेनात. टॅक्सीच्या रांगेच्या टोकाला खांबाआड उभे होते. मला वाटलं, आता हा रडेल. मी मनात ठरवूनही टाकलं होतं की रडला तर काही बोलायचं नाही, पाठीवर हात फिरवायचा. पण तो लगबगीने पुढे आला, माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला,

"आत्या, मानलं तुला! काय काम केलंस! मला वाटलं होतं तू घोळ घालणार."

सूनबाई म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? आत्या कुणाचं नाव घेणार नाहीत. म्हणून तर तुमच्या बॅगेत ठेवलं, आत्या. म्हाताऱ्या माणसांची बॅग कुणी बघत नाही, आणि बघितली तरी सोडून देतात."

"अगं, माझं नाव त्यांच्या वहीत गेलं असतं तर बदली बोंबलली असती," राजे म्हणाला. "कंपनी सगळं तपासते. तुझं काय, तू थोडीच परत येणार आहेस इथे?"

म्हणजे तो घाबरून बोलला नव्हता. घाबरला असता तर मी समजून घेतलं असतं. अरे, माणूस घाबरतो, तोंडातून भलतंच निघून जातं. पण याचं सगळं आधीच ठरलेलं होतं. आमची तिकिटं वेगवेगळी काढली होती, तीही स्वस्त पडतात म्हणून नव्हे. बॅटऱ्या त्याच्या हातातल्या बॅगेत होत्या, कारण त्या दुसरीकडे ठेवायच्या नाहीत हा नियम त्याने बरोब्बर वाचला होता. रिमोट सूनबाईच्या पर्समध्ये. नुसता रिमोट, नुसत्या बॅटऱ्या, त्याने कुणाचं काही अडत नाही. अडणार ते एक धूड, ते माझ्याकडे. सगळे नियम वाचलेला माणूस होता तो. मी उत्तर पाठ केलेल्या पोरी बघितल्यात. त्या अडखळत नाहीत. राजे अडखळला नव्हता, हे मला टॅक्सीत आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला ते हसतंखिदळतं पत्र लिहिलं.

पुढचे दिवस त्याने माझं सगळं केलं. रस्ता ओलांडताना कोपर धरायचा. माझी पाण्याची बाटली तोच वागवायचा. चढ आला की थांबायचा. समुद्रकाठी मला बाकावर बसवून स्वतः उन्हात उभा राहिला. सूनबाईने माझा गुडघा चोळून दिला. आणि दर वेळी मला वाटायचं, हाच तो, आणि तरीही तो दुसराच. मी जेवताना त्याच्याकडे टक लावून बघायची. तो विचारायचा, काय गं आत्या? मी म्हणायची, काही नाही, केस वाढलेत तुझे.

निघायच्या दिवशी आम्ही त्या काउंटरवर गेलो. राजे म्हणाला, तू एकटीच जा, सही कर आणि घेऊन ये, आम्ही इथे थांबतो. मी गेले. तीच बाई. तिने मला ओळखलं, गुडघ्याकडे बघून खुर्ची दिली आणि पिशवी आणली. पारदर्शक पिशवी, आत ते ड्रोन, मोडका पाय लोंबत असलेला.

तो पाय राजेला लांबूनच दिसला. आणि मग त्याला राहवेना. लाडकं यंत्र ना ते त्याचं! तरातरा आला आणि त्या बाईवरच घसरला. हे कुणी मोडलं, हे असं नव्हतं, मी तक्रार करीन, भरपाई मागीन. ती शांतपणे म्हणाली, तुमचं आहे का? तेव्हा कुठे त्याला भान आलं. पण माघार घेईल तर तो तुझा मुलगा कसला? म्हणाला, "माझ्या आत्याचं आहे. ही माझी आत्या आहे. सख्खी."

वर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या बाईने पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "तुम्ही यांना ओळखता का?"

मागे रांग होती. सूनबाई लांबून हातवारे करत होती, ते काय होते मला कळलं नाही. नाही म्हटलं असतं तर तो सुटला असता, एक आगाऊ परका माणूस म्हणून. खरंच सांगते, मी नाहीच म्हणणार होते. शब्द तोंडाशी आला होता. पण त्याचा हात माझ्या खांद्यावर होता रे. त्या हाताखाली उभी राहून मी त्याला ओळखत नाही कसं म्हणू?

मी म्हणाले, "ओळखते. मीच वाढवलाय त्याला."

"मग हे ड्रोन कुणाचं?"

मी त्याच्याकडे बघितलं. अजून वेळ गेली नव्हती. त्याने नुसतं "माझं" म्हटलं असतं ना, धाकट्या, तर दंडाबिंडाचं मी बघितलं असतं, त्या बाईला हात जोडले असते. पण तो इंग्रजीत म्हणाला, अगदी हसत हसत, "आत्याचंच. तिला हौस आहे."

तेव्हा मी म्हणाले, "माझं नाही. मला ते उघडताही येत नाही, हे यांना ठाऊक आहे."

त्याला त्याच काचेच्या खोलीत नेलं. या वेळी बाहेरच्या खुर्चीवर मी होते. त्याने आतून माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली नाही. तो दिसत होता तोवर त्याच्याकडेच बघत राहिले, कारण परक्या खोलीत बसल्यावर बाहेर आपलं माणूस दिसायला हवं असतं, हे मला आता माहीत झालंय. मग त्या बाईने येऊन सांगितलं, आजी, तुमचं विमान सुटेल, यांना वेळ लागेल, यांचं काही वाईट होणार नाही, पण नाव नोंदलं जाईल. सूनबाई म्हणाली, "तुम्ही बोलायलाच नको होतं." एवढंच बोलली आणि तोंड फिरवून बसली. मी एकटी विमानात चढले. या वेळी डोळे उघडे होते, पण काही बघितलं नाही.

बदली गेली असणार. त्याचं मला वाईट वाटतं. खोटं नाही, खरंच वाटतं. रात्रभर त्याच विचारात होते. तू म्हणशील, मग बोललीस कशाला? याचं उत्तर वर लिहिलंय, यापेक्षा चांगलं माझ्याकडे नाही.

आता तुझं वाक्य.

काल दारात मी तुला दिसले, आणि मी "बरा आहेस ना" म्हणायच्या आत तू ते सगळं बोललास आणि वर म्हणालास, "तुझं काय बिघडणार होतं? तुला म्हातारी म्हणून सोडलंच असतं. हेच तर ठरलं होतं!"

कुणाचं ठरलं होतं, धाकट्या?

मी टॅक्सीत बसले ती एवढ्यासाठी. टॅक्सीवाल्याने कुठे जायचं विचारलं तर मला घराचा पत्ता आठवेना. राजेने मला ओळखत नाही म्हटलं तेव्हाही माझी इतकी वाईट अवस्था झाली नव्हती. तेव्हा निदान मनात होतं की घरी गेल्यावर धाकट्याला सांगेन. तो पोराला उभा-आडवा घेईल. मी मध्ये पडेन, जाऊ दे म्हणेन. दोन आठवडे मी तेवढ्या एका गोष्टीवर काढले. तू काय बोलशील आणि मी तुला कशी आवरीन, याचीच तालीम करत होते.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिघं माझ्याकडे बॅग भरायला आलात. मला केवढं भरून आलं होतं! राजे घड्या घालत होता, सूनबाई वस्तू देत होती, तू पलंगावर बसून माझ्या जुन्या चपलांची टर उडवत होतास. मग राजे माझी शाल घेऊन वळला, आणि तू म्हणालास, "नीट गुंडाळ रे." मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तिथे मला ऐकू आलं. मला वाटलं, माझ्या थंडीची काळजी.

अजून एक आहे, आणि हे लिहायचं मी काल रात्रीपासून टाळते आहे. पकडलं गेलं तर मी दुसऱ्याचं नाव घेणार नाही, "माझंच आहे" म्हणेन, हे सूनबाईला कसं ठाऊक? तिला घरात येऊन तीन वर्षं झाली. राजेलाही ते ठाऊक नव्हतं. तो तर घोळ होईल म्हणून धास्तावला होता. माझा हा स्वभाव जगात एकाच माणसाला माहीत आहे. लहानपणी शेजारच्यांची काच तू फोडायचास आणि बाबांपुढे मी उभी राहायची. मी कधी तोंड उघडलं नाही. तुला खात्री होती म्हणूनच तू त्यांना खात्री दिलीस ना? की ताई बोलणार नाही, घाला बिनधास्त तिच्या बॅगेत?

राजेने मला ओळखत नाही म्हटलं. तू मला पुरती ओळखतोस, म्हणून तू मला पुढे केलंस. यातलं जास्त वाईट कुठलं, ते मला ठरवता येत नाही.

मी घरमालकांना सांगितलं की मी जागा सोडत नाही. खोकी सोडायला घेतली आहेत. तुझ्या शेजारची खोली राजेला कशाला हवी असेल त्याला वापरू दे. राजेला मात्र सांग की आत्याचं दार त्याला बंद नाही. तो आला तर मी त्याला चहा देईन आणि एकच प्रश्न विचारीन, मला ओळखतोस का म्हणून, आणि तो अडखळला तरी मला चालेल. उलट अडखळलेलाच हवा आहे.

तुला काय लिहू? तुला रागवायची मला सवय नाही. तुझ्यासाठी बोलणी खायची आहे.

उत्तर पाठव. पण "मला काही माहीत नव्हतं" असं लिहिणार असलास, तर पाठवू नकोस. ते पत्र मी पूर्वीसारखं खरं मानून घेईन, आणि मला आता ते करायचं नाही.

औषधं घे. आशीर्वाद आहेतच.

तुझी, इतके दिवस तुझ्या वाटची बोलणी खाणारी,
ताई